न खेळलेल्या बदकाची किंमत

आदरणीय फुमिएताई,

तोकुजीचा तातामीच्या चटईला कपाळ टेकून नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली कपाळ उशीपर्यंतच पोचतं, पण भावना तातामीपर्यंत आहे.) आओमोरीत थंडी सुरू झाली असेल. तुझी कंबर, भावोजींचा खोकला आणि सफरचंदांची बाग, तिघांच्याही प्रकृतीचं सविस्तर कळव. तू पाठवलेली पेटी पोचली. तुझ्या भावजयीने, यासुएने, अर्धी सफरचंदं शेजारीपाजारी वाटली आणि उरलेली माझ्यापासून लपवून ठेवली आहेत. इकडे काचुशिकात गिंकोच्या झाडांची पिकली फळं रस्ताभर पडली असून सगळी गल्ली नाक दाबून ये-जा करते. बाकी सर्व क्षेम आहे. म्हणजे होतं, मी तुझं कपाट आवरायला घेईपर्यंत.

तू फोनवर म्हणालीस, "माझं तिथे जे काही असेल ते फेकून दे बाबा, आता काय करायचंय." मी आज्ञाधारक भाऊ. (यासुए हे वाचून मागे हसते आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस.) शिवणाची कात्री निघाली, शाळेचे बिल्ले निघाले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते बदक निघालं, तीनचाकी सायकल चालवणारं पत्र्याचं बदक. आठवतं ना? ज्या खेळण्यांचा रंग वाकडा बसायचा ती अमेरिकेच्या बोटीवर चढायची नाहीत, मग नववर्षाला बाबांच्या कारखान्याचे मालक ती कामगारांना वाटायचे. एका वर्षी बाबांनी दोन बदकं आणली, तुला एक, मला एक. माझं मी तिसऱ्याच दिवशी फोडलं, कारण आत बसून सायकल कोण चालवतं ते मला बघायचं होतं. तुझं मात्र फळीवर गेलं ते तिथेच राहिलं. मला वाटलं, फेकण्यापेक्षा विकावं आणि ताईला चकित करावं. इथेच माझे ग्रह फिरले.

आमच्या बाजारपेठेत कुरामोची नावाचे गृहस्थ जुन्या खेळण्यांचं दुकान चालवतात. दुकानात बूट काढून चढावं लागतं, आणि त्यामागचं कारण स्वच्छता आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो. कारण मोजे आहेत. कुरामोची-सान आधी गिऱ्हाइकाचे मोजे बघतात आणि मग किंमत सांगतात. ज्याच्या मोज्याला भोक, तो खरा शौकीन, कारण त्याचा सगळा पैसा खेळण्यांत जातो. त्याला दुप्पट भाव. ज्याचे मोजे धुतलेले आणि जोडीचे, त्याच्या घरी बायकोचं राज्य. तो नुसता हात लावून "घरी विचारून येतो" म्हणणार, तेव्हा त्याला काहीही सांगितलं तरी चालतं. माझे मोजे बघून त्यांनी चहासुद्धा विचारला नाही.

पण बदक बाहेर काढलं आणि त्यांनी दातांतून असा काही श्वास ओढला की मला वाटलं दाढ दुखली. विजेरीच्या उजेडात ते पाऊण तास बदकाकडे बघत होते आणि मला भाव कसा ठरतो ते शिकवत होते. ताई, हा धंदा पूर्ण उलटा आहे. पोराने गाडीवर खिळ्याने स्वतःचं नाव कोरलं, की किंमत अर्धी. कुशीत घेऊन झोपलं आणि घामाने रंग गेला, की पाव. आंघोळीला नेलं तर विषयच संपला. आणि ज्या कार्ट्याला खेळणं आवडलंच नाही, ज्याने ते खोक्यातून काढलंही नाही, त्याचं खेळणं सोन्याच्या भावाने जातं. थोडक्यात, खेळण्यावर जितकं प्रेम केलं तितकी त्याची किंमत उतरते. माझं फोडलेलं बदक या हिशोबाने उणे भावात गेलं असतं.

"आजोबा, हे बदक एकदाही चालवलेलं नाही," ते कुजबुजले. "चावीच्या भोकाभोवती बघा, एक ओरखडा नाही. कोण हो हे शहाणं मूल?"

"आमची ताई."

"फार जपणारी असणार!"

मी अभिमानाने मान डोलावली. (ही मान मला नंतर महागात पडली.)

कुरामोची-सानांनी ठरवलं की बदक दुकानात ठेवायचं नाही, व्यापाऱ्यांच्या बाजारात न्यायचं. तिथे बाहेरच्या माणसाला मज्जाव, म्हणून मला त्यांच्या पिशव्या उचलणारा म्हणून नेलं. तिथली रीत अशी: प्रत्येक व्यापाऱ्याकडे लाखेचं एक पसरट वाडगं असतं. वस्तू मधोमध येते, ज्याला हवी तो वाडग्याच्या आत कुंचल्याने आपला भाव लिहितो आणि वाडगं पालथं करून बोली घेणाऱ्याकडे सरकवतो. कुणाचा आकडा कुणाला दिसत नाही. तो एकेक वाडगं उचलून डोकावतो आणि फक्त सगळ्यात मोठा आकडा पुकारतो. बदकाची पाळी आली तेव्हा कुरामोची-सान नेमके लघुशंकेला गेले होते. वाडगं, शाई, कुंचला, सगळं माझ्या मांडीपाशी.

बोली घेणाऱ्याने बदक उंच धरलं आणि म्हणाला, "कधीही न चालवलेलं! लहान मुलाचा हात न लागलेलं!" सगळा दिवाणखाना समाधानाने हुंकारला.

आणि ताई, मला एकदम आपली खोली दिसली. आई मधे पेटी घेऊन बसलेली, कारखान्यातून आणलेल्या बदकांना चाकं लावत. समोर तू, दहा वर्षांची, पकडीने पत्र्याच्या जोडपट्ट्या वाकवत, बोटांना चिंध्या बांधलेल्या. मी तुझ्या पाठीवर लोळत "चल की खेळायला" म्हणून भुणभुण लावलेली, आणि तू म्हणतेस, "एवढी बदकं झाली की येते." ती बदकं कधी संपलीच नाहीत. लहान मुलाचा हात न लागलेलं म्हणे! जपणारी कसली, तुला बदकाचं तोंड बघायची इच्छा उरली नसेल. मी उगाच मान डोलावली होती. मला फार वाईट वाटलं, आणि त्या हुंकारणाऱ्यांचा रागही आला.

मी वाडगं ओढलं, सहा लाख येन लिहिले आणि पालथं घातलं.

"कुरामोची! सहा लाख!" असा पुकारा झाला तेव्हा कुरामोची-सान हात पुसत दारात उभे होते. वस्तू त्यांच्या नावाने विकायला आलेली, वाडग्यावर शिक्का त्यांचाच. आपलाच माल आपणच विकत घेणं ही त्या धंद्यात भर रस्त्यात धोतर सुटण्यासारखी गोष्ट आहे. (आपल्याकडे धोतर नसतं, पण तू समजून घे.) नंतर चहाच्या वेळी इतरांनी आपापले आकडे सांगितले. माझ्या खालचा आकडा नव्वद हजार होता. सहा लाख माझे मलाच मिळाले, पण बाजाराची दलाली दोन्हीकडची भरावी लागली, विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. यासुए एवढंच म्हणाली, "आपल्याच घरातली वस्तू आपल्याच घरी आणायला इतका खर्च येतो हे मला माहीत नव्हतं."

परवा कुरामोची-सानांकडे माफी मागायला गेलो, तर फळीवर तसंच एक बदक. पायडल गायब, चोच गंजलेली, आणि चिठ्ठीवरचा आकडा मी चष्मा पुसून दोनदा वाचला.

"एवढी किंमत?"

"बाजारभाव! गेल्या महिन्यात सहा लाखांना गेलं ना!"

"अहो, तो मूर्ख मीच होतो!"

"ते तुम्हाला-मला ठाऊक, आजोबा. भावाला कुठे ठाऊक?"

आणि त्यांनी मला चहा विचारला. (मोज्याला भोक पडलं होतं, हे मला घरी आल्यावर दिसलं.)

असो. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी बाबांचं तेहतिसाव्या वर्षाचं, म्हणजे शेवटचं, स्मरण आहे. कंबरेमुळे जमणार नाही असं तू म्हणालीस. माझा आग्रह नाही. भावोजींना नमस्कार, बागेला माझे आशीर्वाद.

तुझा धाकटा आणि अजूनही तितकाच उपद्रवी,
तोकुजी

ता. क. ओसाकाच्या एका दंतवैद्याला हा भाव कळला आहे आणि तो खरोखरच सहा लाख द्यायला तयार आहे. अट एकच, चावी फिरवलेली नसावी. कुरामोची-सान रोज फोन करतात. बदक तुझं आहे. तुला दंतवैद्याचे पैसे हवे असतील तर तसं लिही, मी एक अक्षर बोलणार नाही.

ता. क. २. वरचा ता. क. रद्द समज. पत्र पाकिटात घालताना बदक टेबलावरून पडलं. (पडलं म्हणजे काय, लहानपणापासून तू मला ओळखतेसच.) चोच चपटी झाली. दंतवैद्याने फोन ठेवून दिला, कुरामोची-सान म्हणतात आता डब्याच्या पत्र्याची किंमत. तेव्हा आता त्याला कुणी जपायची गरज नाही. चावीला मी हात लावलेला नाही, शपथ. त्या रविवारी ये, ताई. गाडीचं तिकीट सोबत जोडलं आहे. यासुए टेबलावरची भांडी काढून ठेवील. चावी तू फिरव.