तेल अजून गढूळ आहे

बाबा,

गाडीची किल्ली मी बरोबर नेली आहे, शोधत बसू नका.

खानावळीतून आणलेलं तळणाचं तेल काल तुम्ही गाळलंत आणि म्हणालात, "बघ, कसं काचेसारखं झालंय!" ते गढूळ होतं. सकाळी त्यातलं चमचाभर तापल्या कढईत टाकलं, तर ताडताड उडालं. म्हणजे त्यात पाणी आहे. डिझेलऐवजी हे गाडीच्या टाकीत ओतू नका. पुन्हा तापवून दोन दिवस हलवायचं नाही, मग वरचं तेवढं घेऊ.

"प्रयोगशाळा घरी आणू नकोस," असं तुम्ही म्हणाल. पण या महिन्यात हे तिसऱ्यांदा झालं. तीस वर्षं इंजिनं उघडलेल्या माणसाच्या नजरेतून तेलातलं पाणी निसटतं, ते निष्काळजीपणाने नव्हे. चार वाजता डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. साडेतीनला मी येते. गाडी मी चालवीन.

चिठ्ठी ड्रमवर ठेवली, कारण आई गॅरेजात फिरकत नाही. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तरी लागलं नाही, तर तिच्याकडून वाचून घेऊ नका, मला फोन करा. तिला मी काही बोललेले नाही. डॉक्टर काय म्हणतात ते कळलं, की तुमचं तुम्हीच सांगा.