साडूचं नाणं जरा जास्तच चमकतं

३ मार्च, सोमवार

आज साडूकडे जेवायला. मेव्हणीला वाईट वाटू नये म्हणून गेलो, एरवी मला कामं होती. जेवण बरं होतं. हॉलला नवा रंग दिलाय. जुन्याला काय झालं होतं, कळलं नाही. जुना रंगही गेल्याच वर्षी नवा होता.

साडू दातांचा डॉक्टर आहे. तोंडावर मी त्याला डॉक्टर म्हणतो, इथे दातवाला म्हणेन. माझी रोजनिशी आहे.

जेवण झाल्यावर दातवाल्याने एक निळी डबी आणली. आत सासऱ्यांनी दिलेलं चांदीचं जुनं नाणं. सासऱ्यांनी आम्हा दोघा जावयांना एकेक दिलं होतं, जोडीतलं. एका बाजूला दाढीवाला राजा, दुसऱ्या बाजूला शिडाचं जहाज. त्याचं असं लखलखत होतं की बघणाऱ्याने काळा चष्मा लावावा. मी "छान" म्हणालो. दोनदा म्हणालो. बायको म्हणते एकदाच, तेही पाणी पिता पिता.

मग खरी बातमी. सासऱ्यांना आता नीट दिसत नाही, म्हणून नाण्यांची ती खणाखणांची लाकडी पेटी ते एका जावयाच्या हवाली करणार. तेवीस तारखेला आमच्याकडे येणार. दोघांनी आपापलं नाणं दाखवायचं, मग ते ठरवतील.

मला पेटी नकोय. नाण्यांतलं मला ओ की ठो कळत नाही. फक्त ती दातवाल्याकडे जाऊ नये.

४ मार्च, लाँड्री

नाणं सापडलं. काउंटरच्या खणात, पावत्यांना लावायच्या रबरबँडांच्या ढिगाखाली. वर दोन रबरबँड गुंडाळलेले, मीच कधीतरी, हरवू नये म्हणून. तव्याच्या बुडासारखं काळंकुट्ट. राजा आहे की राणी, सांगता येत नाही.

आता सगळं लक्षात आलं. सासऱ्यांनी जोडीतलं गोरं धाकट्या जावयाला दिलं आणि काळं थोरल्याच्या गळ्यात मारलं. लग्नातसुद्धा त्याला घड्याळ आणि मला पेन होतं. मी तेव्हा बोललो नाही. आताही बोलणार नाही. फक्त लिहून ठेवतो.

संकल्प: साडूचा विचार बंद.

६ मार्च

साडूचा विचार केला, पण कामापुरता. तो दवाखान्यात दात साफ करायच्या मशीनमध्ये नाणं घालत असणार. पेशंट तोंड उघडं टाकून बसलेत आणि हा राजाची दाढी धुतोय.

पण डाग काढणं हा माझा धंदा आहे. या लाँड्रीचा काउंटर मी बारा वर्षं सांभाळतोय. प्रत्यक्ष डाग आतले कारागीर काढतात हे खरं, पण कुठला निघेल आणि कुठला नाही हे पावतीवर मीच लिहितो. बहुतेक वेळा निघणार नाही असंच लिहितो, आणि तसंच होतं. अंदाज अचूक.

संकल्प: नाणं स्वच्छ करायचं. बायकोने विचारलं, आत्ता आठ वर्षांनी कशाला? म्हटलं, वस्तूची निगा राखावी माणसाने. ती म्हणाली, गॅलरीतल्या सायकलचीपण राखा. विषय बदलायची तिला सवयच आहे.

८ मार्च

खालच्या मजल्यावरच्या भूगोलवाल्या सरांना नाणं दाखवलं. शाळेतून रिटायर झाल्यापासून ते नाणीच गोळा करतात. त्यांनी ते कडेने धरलं, भिंगाखाली फिरवलं आणि म्हणाले, अजिबात घासू नका. काळेपणा म्हणजे त्याचं वय आहे, आणि खाली राजा शाबूत आहे. जाणकार असं नाणं हातात घेतो, घासलेलं खाली ठेवतो.

ऐकून मी जागच्या जागी तरुण झालो. म्हणजे दातवाल्याने स्वतःच्या नाण्याची वाट लावली! हातात कवळ्या आणि कारभार राजाचा. आज भूक चांगली लागली.

संकल्प: नाण्याला हात लावायचा नाही. जिंकलो.

जाता जाता सरांनी काळं कशाने पडलं ते विचारलं. रबरबँडांचं सांगितलं. ते म्हणाले, त्यानेच. रबरात गंधक असतं, ते चांदीला खातं. दिलं तेव्हा गोरंच असणार. यात माझी काहीच चूक नाही. रबरबँड मालक आणतो.

१२ मार्च

बायको आज मेव्हणीशी फोनवर पाऊण तास. त्यातली पंधरा मिनिटं नाण्याची. सासरे फोनवर धाकट्या जावयाला म्हणाले म्हणे, तुम्ही छान ठेवलंत हो. छान! ज्यांना भाजी चिरताना सुरी दिसत नाही त्यांना हजार मैलांवरून चमक दिसली.

मुद्दा असा की भूगोलवाले सर परीक्षक नाहीत. परीक्षक सासरे. आणि सासऱ्यांना छान म्हणजे गोरं. वयाचं कौतुक त्यांना असतं तर थोरल्या जावयाचं नसतं का केलं?

बायको म्हणाली, तुम्ही जळता. मी जळत नाही. मला न्याय हवाय. न्याय मागणाऱ्याचं पोट दुखतंय असंच लोकांना वाटतं.

१५ मार्च

अजून ठरत नाही. सकाळी घासायचं ठरवलं, दुपारी रद्द केलं. एका बाईंनी आज लग्नातली पैठणी आणली, पदरावर जुना डाग. पावतीवर लिहिलं, "जुना डाग, काढल्यास कापडाची जबाबदारी आमची नाही." लिहिता लिहिता हात थांबला. मग पुढचं गिऱ्हाईक आलं.

१७ मार्च

निर्णय झाला. कारण ऐका.

दातवाल्याचा फोन आला, स्वतःहून. म्हणाला, दादा, हिच्याकडून कळलं तुमचं नाणं काळं पडलंय, तेवढं घासू नका हं, मी चौकशी केली, घासलं की जातं. तो मला दादा म्हणतो, वयाने दोनच वर्षं लहान असून.

इतक्या वर्षांत त्याने मला कधी सल्ला दिलाय? दिलाय, हिरड्यांचा, पण तो वेगळा. हा सल्ला नाही, ही भीती आहे. माझं नाणं चमकलं तर आपलं काय, म्हणून हातपाय गळालेत. चोराच्या मनात चांदणं.

ज्या अर्थी तो घासू नका म्हणतो, त्या अर्थी घासलंच पाहिजे. इतकं सरळ गणित मला आधी सुटलं नाही याचंच नवल.

१९ मार्च, दुपारी जेवणाच्या सुट्टीत

सुरुवात. धंद्याचा नियम: औषध आधी कपड्याच्या आतल्या शिवणीवर लावून बघायचं. नाण्याला आतली शिवण नाही, म्हणून जहाजाची बाजू घेतली. गरम पाणी, खायचा सोडा, अॅल्युमिनियमची फॉइल. सडक्या अंड्यासारखा वास सुटला. इस्त्रीवाला म्हणाला, ड्रेनेज तुंबलं वाटतं. मी हो म्हटलं.

जहाज निघालं! शिडं, दोर, सगळं. थोडं करडं आहे, पण तरंगतंय.

इथे थांबावं असा एक विचार येऊन गेला. पण करडं म्हणजे काही चमक नव्हे. दातवाल्याचं चमकतं.

२० मार्च

आज राजा. हॉटेलवाल्यांच्या गणवेशाची पितळी बटणं उजळायची पांढरी पेस्ट घेतली, आणि स्वेडच्या जॅकेटांवर फिरवायचा तारेचा ब्रश. जोर लागला. मधे एकदा मनात दातवाल्याचा हॉल आला तेव्हा जरा जास्तच लागला.

चमक अशी की काय सांगू. बल्बखाली धरलं तर छतावर कवडसा पडला. दातवाल्याचं याच्यापुढे पाणी भरेल.

राजा थोडा तरुण दिसतो. आधी मळामुळे थोराड दिसत असणार.

२१ मार्च

दिवसाच्या उजेडात पाहिलं. दाढी नाही. नाकाच्या जागी सपाटी आहे. कान एक आहे, तो बहुधा कानच आहे. आजूबाजूला तारांचे ओरखडे, सगळे एकाच दिशेने, नीटनेटके.

बायकोला दाखवलं. तिने नाणं उलटसुलट केलं. मग म्हणाली, बाबांच्या वडिलांचं होतं हो ते. एवढंच बोलली आणि आत गेली. मला फार वाईट वाटलं. तरी सासऱ्यांना नीट दिसत नाही, हा एक आधार आहे.

संकल्प: तेवीस तारखेला पडदे ओढलेले ठेवायचे.

२३ मार्च, रविवार, संध्याकाळ

आले सगळे. मेव्हणीने आल्या आल्या पडदे उघडले. म्हणाली, केवढा अंधार केलाय.

सासऱ्यांनी डोळ्यांनी काही बघितलंच नाही. अंगठ्याने बघितलं. आधी दातवाल्याचं नाणं, हळूहळू, वरून खाली, आणि मान डोलावली. मग माझं. अंगठा गेला, परत आला, परत गेला.

"जावईबापू, हा कोण?"

मी म्हटलं, राजा.

"राजाला दाढी होती."

मी म्हणालो, नाण्यावर फार डाग होते. सासरे रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नाणं तळहातावर ठेवून मूठ मिटली आणि म्हणाले, पेटी डॉक्टरांकडे जाईल.

इथपर्यंत मी तयार होतो. सासऱ्यांचा पक्षपात, या विषयावर पुढचं पान मोकळं ठेवलं होतं. पण दातवाला बोलला.

"बाबा, पेटी दादांकडेच असू द्या. मी आठ वर्षांत ती डबी उघडली नव्हती, दादा जेवायला आले तेव्हा शोधायला मोलकरणीला लावलं. त्यांनी निदान जीव तरी लावला."

म्हणजे त्याने घासलंच नव्हतं. कधीच नाही. ते बंद डबीत आपोआप गोरं राहिलं. या माणसाला काही न करताच सगळं मिळतं.

सासरे विचार करून हो म्हणाले. अट एकच, किल्ली थोरल्या लेकीकडे. बायकोने तिथल्या तिथे आपल्या जुडग्यात अडकवली.

२४ मार्च, सोमवार

पेटी हॉलमध्ये आहे. सागवानी, पितळी कड्यांची. बंद आहे.

सकाळपासून फोन. मामेसासरे, मावशी, बायकोची शाळेतली मैत्रीण. पेटीबद्दल कुणी विचारत नाही. सगळे डॉक्टरांच्या मोठ्या मनाबद्दल बोलतात. भूगोलवाले सर आले, बायकोने त्यांना किल्ली दिली, त्यांनी तासभर खण पाहिले आणि जाताना म्हणाले, तुमचे साडू थोर माणूस हो.

पेटी मिळाली, आणि तोच पुन्हा पुढे गेला. मन मोठं करायची संधी काल मलाही होती, फक्त त्याला आधी सुचलं. बायकोला म्हटलं, मला सुचलं असतं तर मीही हेच म्हणालो असतो, पेटी डॉक्टरांना द्या.

ती म्हणाली, मग आत्ता द्या की. उशीर कुठे झालाय?

फोन हातात घेतला होता. पण सोमवारी त्याचा दवाखाना बंद असतो. सुट्टीच्या दिवशी माणसाला त्रास देणं बरं नव्हे.