पन्नास सालचे बूट

२१ जून २००२, शुक्र.
शाळा सुरू होऊन आठवडा नाही, त्यात वर्ल्डकप. स्टाफरूमच्या टीव्हीवर ब्राझील-इंग्लंड. खिडकीला नववीची पोरं लोंबकळलेली. मी खेळाचा मास्तर, म्हणून प्रश्न सगळे मला. आमच्या टीमचा कप्तान सागर, "सर, आपला देश का नाय यात?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. मग दिलं ठोकून. पन्नास साली ब्राझीलच्या वर्ल्डकपला आपली जागा पक्की होती, ते म्हणाले बूट घाला, आपले म्हणाले अनवाणीच खेळू, नायतर येतच नाही! टाळ्या. हेडसर म्हणाले, "वा राव!" लई बरं वाटलं. कॉलेजात ऐकलेलं कधीतरी. खरंखोटं कोण बघतंय.

२३ जून, रवि. येडगाव
घरी आबांना तेच रंगवून सांगितलं. आबा भाकरी मोडायचे थांबले.
"पन्नास साली मी सोळाचा व्हतो. आपल्या लोकांना चावडीपुढनं जाताना चपला काढून काखेत घ्यायला लागायच्या. आन् ह्यांना कुनी बूट घाला म्हनतंय, तर नको म्हनले?"
मी हसायला गेलो, जमलं नाही.
"त्यात मोठेपना कसला रं? तू मास्तर. पोरांना हे सांगतो?"
माझ्याच बापाचं मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं. तरी टाळ्या घेतल्या.

३० जून, रवि.
फायनल. ब्राझील २, जर्मनी ०. मॅच झाल्यावर पुण्याच्या दिलीपला फोन. कॉलेजातला दोस्त, आता तिकडं फुटबॉल शिकवतो. गोष्ट ऐकून खो खो हसला. "बुटांचं सगळे सांगतात रे. अठ्ठेचाळीसच्या ऑलिंपिकला खेळलेच की आपले अनवाणी. पन्नास साली आपल्या गटातल्या बाकीच्यांनी माघार घेतली म्हणून जागा मिळाली, आणि आपल्या फुटबॉल फेडरेशनवाल्यांना वर्ल्डकपचं काही वाटलंच नाही. बोटीचा लांबचा प्रवास, सराव नाही. राहिलं. परत कधी जागा मिळाली नाही."
म्हणजे बाणा नव्हताच. नुसती हयगय.
पोरांना सांगायला पाहिजे. उद्या.

८ ऑगस्ट, गुरु. जुन्नर
सांगितलं नव्हतं. रोज उद्या, उद्या.
आज तालुक्याची पहिली मॅच. पोरं जीपमधून उतरली ती अनवाणी. बूट आत सीटखाली, मुद्दाम! पंच म्हणाले, "बुटाशिवाय मैदानात न्हाई." मी ओरडलो, घाला रे! सागर म्हणतो, "नाय घालनार सर. आपलीबी काय इज्जत हाय का नाय?" हातापाया पडलो. ऐकलं नाही. समोरच्यांना मॅच बहाल.
वर्षभर घाम गाळलेली पोरं, एक लाथ न मारता परत. आणि जीपमध्ये गाणी म्हणत होती! सागर मला म्हणाला, "सर, आपुनबी पन्नाससालवाले." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ ऑगस्ट, शुक्र.
हेडसर रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं. म्हणाले, "झेंडावंदनाला पोरांचा सत्कार करू. तुम्ही बोला चार शब्द."
आबांना सगळं सांगितलं, दिलीपचंसुद्धा. ते एवढंच म्हणाले, "चूक माईकवर झाली न्हाई, पन आता माईकवरच निस्तर." शब्द दिला.

१५ ऑगस्ट, गुरु.
पोरं पुढच्या रांगेत, अनवाणी. सागरची आई पोराकडं बघून डोळे पुसत होती. माईक हातात आला. "मुलांनो, एक खरी गोष्ट सांगायची आहे," इथपर्यंत बरोबर बोललो. मग पन्नास साल, ब्राझील, बूट. तेच. उलट आवाज चढवून. टाळ्या थांबेनात.
घरी आलो तर आबा ओट्यावर वाट बघत.
"सांगितलंस?"
"हो."
तोंड उजळलं म्हाताऱ्याचं. सरकून बाजूला जागा केली, मला बसवलं.
"मग? पोरं काय म्हनली?"