रोज एक वेबसाइट, राहत्या घरी

१ नोव्हेंबर, शनिवार
आजपासून रोजनिशी. कोणी वाचू नये अशी अपेक्षा. बायकोला, चारुलताला, तसं सांगून ठेवलं. ती म्हणाली, कोण वाचणार आहे. चांगलं झालं.

रिटायर होऊन वर्ष झालं. सगळी नोकरी शहादा एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीत गेली. मोलगी कितीला, धडगाव लागली का, खेतिया गेली का. माणसं नुसती विचारत होती. उत्तर देताना मान वर करायची नाही, हे माझं तत्त्व. मान वर केली की माणूस दुसरा प्रश्न विचारतो. बहुतेकांना सांगायचो, बोर्डावर लिहिलंय. लोकांना वाचनाची गोडी लागावी हा हेतू.

आता म्हसावदला घरी. वर्षभरात कोणी काही विचारलेलं नाही. आज भाजी कोणती करू हे चारुलता भाजीवालीला विचारते. मला त्रास होतो. इथे लिहायला हरकत नाही, फार होतो.

निर्णय: सगळं जग इंटरनेटवर गेलंय आणि तिथे स्टँडवर हरवल्यासारखं फिरतंय. त्याला खिडकी पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, नाव 'चौकशी खिडकी'. फोनमधली सगळी माणसं त्यात घातली. कोणाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ग्रुप झाला नसता. रोज एक वेबसाइट. मजेशीर किंवा उपयुक्त.

२ नोव्हेंबर, रविवार
पहिली वेबसाइट: पृथ्वीचा गोळा बोटाने फिरवायचा, हिरव्या ठिपक्यावर टेकायचं, तिथला रेडिओ सुरू. मी एका बेटावरच्या बातम्या अर्धा तास ऐकल्या. भाषा समजली नाही, पण आवाजावरून परिस्थिती आटोक्यात वाटली.

ग्रुपवर प्रतिक्रिया नाही. रविवार असल्यामुळे.

४ नोव्हेंबर, मंगळवार
आजची: तुमच्या गावातून सरळ आरपार भोक पाडलं तर पलीकडे कुठे निघाल, हे दाखवणारी वेबसाइट. म्हसावदमधून पाडलं तर थेट पॅसिफिक समुद्रात. लोक थक्क होतील.

शेजारचा भीमसिंग संध्याकाळी कुंपणाशी आला. पानी कितला फूटवर लागी, असं विचारत होता. त्याची बोअर मागच्या उन्हाळ्यात कोरडी गेली. मी समजावलं की हे ज्ञान आहे, बोअर नाही. तो म्हणाला, समुद्रनं पानी खारं ऱ्हास, केळीले चालाव नही. निघून गेला.

६ नोव्हेंबर, गुरुवार
आजची: आफ्रिकेतल्या एका पाणवठ्यावर कायमचा कॅमेरा बसवलाय, चोवीस तास थेट. आज दोन झेब्रे आणि एक पक्षी. चारुलताला बोलावून दाखवलं. तिने बघितलं आणि म्हणाली, त्यांना पाणी मिळालं, आपल्या म्हशीला कोण दाखवणार. दाखवून आलो. तोवर झेब्रे गेले होते.

ग्रुपवर अजून कोणी काही विचारलेलं नाही. (भीमसिंगने केळीचा रोजचा भाव कुठल्या वेबसाइटवर दिसतो ते विचारलं. तो धरत नाही. तो प्रश्न नाही, त्याची गरज आहे. चारुलताने गॅसचा नंबर मोबाइलवरून कसा लावायचा ते विचारलं. घरचं असल्यामुळे तोही धरत नाही.)

९ नोव्हेंबर, रविवार
जगातली सगळी जहाजं आत्ता कुठे आहेत ते दाखवणारा नकाशा पाठवला. म्हसावदपासून समुद्र लांब आहे, पण माहिती असलेली बरी.

पुण्याला जागृतीला फोन केला. मुलगी कॉम्प्युटरमधली, तिला तरी कदर असेल. जहाजं पाहिलीस का विचारलं. कोणती जहाजं म्हणाली. मग कबूल केलं की ग्रुप म्यूटवर आहे. म्यूट म्हणजे ग्रुप सोडलेला नाही. तिचं तेवढं प्रेम आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार
कारण सापडलं. लोक लिंकला घाबरतात. फोन लावला की आधी बाई सांगते, अनोळखी लिंक उघडू नका. पोलीस पाटलानेही गावात तेच सांगितलंय. भीमसिंग म्हणाला, तुन्ही लिंक उनी का मी फोन उलटा करी ठेवस.

म्हणजे दोष वेबसाइटचा नाही, माझाही नाही. दोष एवढाच की माझा चेहरा दिसत नाही. खिडकीत चेहरा होता. (मान खाली असली तरी होता.)

निर्णय: एक झकास पोस्टर. त्यावर माझा फोटो. सोमवारी घरीच शिबिर. समोर बसवून वेबसाइट दाखवायच्या. समोरच्या माणसाला कोणी घाबरत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
शहाद्याला जाऊन फ्लेक्सवाल्याकडून पोस्टर करून आणलं, मोबाइलवर पाठवता येतं असं. नोकरीच्या ओळखपत्रावरचा फोटो दिला. तो ब्लॅक अँड व्हाइट निघाला, पण त्यामुळे वजन येतं. फ्लेक्सवाल्याकडे तयार डिझाइनं दोनच. एक वाढदिवसाचं, त्यात केक आणि फुगे. ते माझ्या कामाला शोभलं नसतं. दुसऱ्यात झेंडूची साधी महिरप आणि खाली समई. तेच घेतलं. फोटोखाली सेवेची वर्षं टाकली, १९९१ – २०२४.

मजकूर माझा स्वतःचा: 'राजेंद्रभाऊ आता खिडकीत नाहीत. परंतु त्यांचे मार्गदर्शन सदैव आपल्यासोबत राहील. सोमवार, दि. १७, सकाळी १० पासून, राहत्या घरी, म्हसावद. सर्वांनी यावे.'

स्वतःबद्दल 'मी' लिहायला संकोच वाटला. फ्लेक्सवाल्याने पैसे घेताना पोरगा का भाऊ, असं विचारलं. मी म्हटलं, मीच. त्याने सुटे पैसे दोनदा मोजले. कामात होता.

१५ नोव्हेंबर, शनिवार
पोस्टर सकाळी पाठवलं. सोबत आजची वेबसाइट: पावसाचा, नदीचा आवाज ऐकवणारी, मन शांत करणारी.

अभूतपूर्व प्रतिसाद. जोडलेल्या हातांची रांगच्या रांग लागली. कित्येकांनी लिहिलं, ॐ शांती. म्हणजे वेबसाइट उघडली, आवाज ऐकला आणि लागू पडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा लिंक उघडली गेली. चेहरा दिसायला पाहिजे होता, एवढंच.

कोणीतरी माझं पोस्टर नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. तिथून सासरवाडीच्या ग्रुपवर गेलं. एकाने लिहिलं, विश्वासच बसत नाही. मलाही बसत नव्हता.

१६ नोव्हेंबर, रविवार
चारुलताने विचारलं, उद्या किती माणसांचा चहा. मी म्हटलं, भरपूर. तिचा फोन फ्रिजवर चार्जिंगला पडलेला असतो, त्यामुळे तिला प्रतिसादाची कल्पना नाही. सांगितलं असतं, पण उद्या डोळ्यांनी बघेल.

१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी
खुर्च्या मांडल्या. जागृतीचा जुना लॅपटॉप ओट्यावर. नेट चांगलं आहे.

थोड्या वेळाने
गल्लीच्या वळणावरून बायकांच्या रडण्याचा आवाज. दारवर, म्हणजे मयताच्या घरी भेटायला, येणाऱ्या बायका वळणापासूनच गळा काढतात, तसा. गल्लीत कोण गेलं? नेमका आजच शिबिराचा दिवस.

आवाज जवळ येतोय.

दुपारी
झालेलं नीट लिहून काढतो.

पुढे होती रमिलाबाई, चारुलताची चुलत बहीण, पुसनदहून. मागे बायका, त्यांच्या मागे टोपीवाले पुरुष. चारुलता आतून आली, रडणारी बहीण दारात दिसली आणि तिला वाटलं माहेरचं कोणी गेलं. तिनेही गळा काढला. दोघी गळ्यात पडून रडल्या. कोण गेलं हे दोघींनी एकमेकींना विचारलं नाही, अशा वेळी विचारत नाहीत.

मी ओट्यावरून म्हटलं, या या, पुढे बसा, मागून स्क्रीन दिसणार नाही.

रमिलाबाईने तोंडावरचा पदर काढला, माझ्याकडे बघितलं आणि होती तिथेच खाली बसली. एका टोपीवाल्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

भीमसिंग गर्दीतून पुढे आला. तू ते जित्ता शे, असं म्हणाला, तक्रारीच्या सुरात. त्याच्या केळीची कटाई आज होती. ट्रक उभा ठेवून आला होता. शेजारीच राहतो, पण दोन दिवस बागेतल्या खोलीवर होता, पोस्टर तिथेच बघितलं.

मग कोणीतरी मोबाइल पुढे केला. चारुलताने पोस्टर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. 'राहत्या घरी' पाशी थांबली. माझ्याकडे बघितलं. डोळे अजून ओले होते. मोबाइल ज्याचा त्याला दिला आणि आत गेली. हे मला आवडलं नाही. ओरडली असती तर चाललं असतं.

पुढे अडचण चहाची. दारवर गेलं तर चहा घेत नाहीत. पण माणूस जिवंत निघाला तर घ्यायचा का, हे कोणालाच माहीत नव्हतं. रमिलाबाई वयाने मोठी, तिने निकाल दिला, अर्धा कप. भीमसिंग म्हणाला, आते उनूतच ते बसूत. बसले सगळे.

संधी साधून शिबिर सुरू केलं. पृथ्वीचा गोळा फिरवला, रेडिओ लावला. कुठलंतरी बासरीसारखं वाजलं. बायकांनी सवयीने हात जोडले. मग भीमसिंगने हात वर केला. प्रश्न! मला वर्षभराने भरून आलं. त्याने विचारलं, या ग्रुपमधून बाहेर कसं पडायचं.

सांगितलं. वर नावावर टेका, खाली सरकत जा, लाल अक्षरं दिसतील. त्याला जमलं. लगेच रमिलाबाईने विचारलं, मग टोपीवाल्याने, मग रांग लागली. एकेकाला शांतपणे समजावलं. एकालाही बोर्डावर लिहिलंय म्हटलं नाही. शिबिर तसं यशस्वी म्हणायला हवं, प्रत्येक जण काहीतरी शिकून गेला.

उशिरा दुपारी
सगळे गेल्यावर एक म्हातारी आली. दिवलीबाई, मोलगीकडची. हिच्याकडे फोन नाही. मोलगीच्या बाजारात जीपवाल्याकडून ऐकलं की शहाद्याच्या खिडकीतला साहेब गेला. जीप बदलत बदलत आली. हातात भगरीची पुरचुंडी.

मला बघून तिला काही नवल वाटलं नाही. तू मेला नाय का, बरं झालं, भगर ठेव, असं म्हणाली. पहाडातली माणसं साहेबालाही तू म्हणतात.

तिचं म्हणणं असं. खूप वर्षांपूर्वी तिने मला मोलगीची गाडी विचारली. मी मान वर न करता एका गाडीकडे हात केला. ती त्या गाडीत बसली, गाडी खेतियाची निघाली. रात्र एका अनोळखी घरात काढावी लागली. त्या घरातली मुलगी पुढे तिची सून झाली. सून फार चांगली आहे. म्हणून साहेबाच्या दारात यायचं ठरवलं.

मला ती आठवत नाही. पण तिला सांगितलं, आठवतेस. मार्गदर्शन एकूण बरोबरच होतं.

मग तिने विचारलं, मोलगीची गाडी किती वाजता.

अख्ख्या वर्षातला पहिला खरा प्रश्न. मी मान वर केली, तिच्याकडे नीट बघितलं आणि सांगितलं, साडेचार. फाट्यावर उभी राहा. ती गेली. आजचा दिवस वाया गेला नाही.

दिवेलागणीला
दिवलीबाई परत आली. साडेचारची कधीच बंद झाली म्हणे. फाट्यावरच्या पानवाल्याने सांगितलं, तेही ती बराच वेळ उभी राहिल्यावर. चारुलताने तिच्यासाठी खिचडी टाकली. माझ्याशी अजून बोललेली नाही. दोघी आत बसून हसत आहेत. कशाला ते विचारायची सोय नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
चारुलताने भीमसिंगला विचारून दिवलीबाईला सकाळच्या जीपमध्ये बसवून दिलं.

जागृतीचा फोन. ग्रुप म्यूटवर असल्यामुळे तिला आज मावशीकडून कळलं. आधी रडली, मग हसली, मग चिडली. म्हणाली, पप्पा, पाठवण्याआधी मला एकदा विचारायचं ना. मी म्हटलं, मी कोणाला विचारत नाही, मला विचारतात. तिकडून बराच वेळ आवाज नाही. नेट गेलं असावं.

नेट गेलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला विचारता येत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार
शिबिराला न आलेलेही बाहेर पडले. ग्रुपमध्ये आता तिघं. मी, चारुलता, जागृती. चारुलता सोमवारनंतर पहिल्यांदा बोलली. बाहेर पडायला कुठे टेकायचं, असं विचारलं. दाखवलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार
आज वेबसाइट पाठवली नाही. का नाही पाठवली, हे कोणी विचारलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार
भगर संपली. चारुलता म्हणाली, दिवलीबाई पुन्हा येईल, येते म्हणून सांगून गेलीय. तेव्हा तिला गाडी बरोबर सांगायला पाहिजे. म्हणून शहाद्याला गेलो.

चौकशी खिडकीपाशी रांग होती. रांगेत उभा राहिलो. या बाजूने कधी उभा राहिलो नव्हतो, खिडकी जरा उंच आहे. नंबर आल्यावर विचारलं, मोलगीची गाडी किती वाजता. आवाज बारीक निघाला.

आतला मुलगा नवीन आहे. मान वर न करता म्हणाला, बोर्डावर लिहिलंय.

पोरगं तयार होतंय. बोर्ड वाचला, वेळ हातावर लिहून घेतली. दुसरा एक प्रश्न विचारायचा होता. मागच्या माणसाने सरका म्हटलं, प्रश्न राहिला.