सीलबंद सेनापतीचा तपासणी अहवाल

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. (ते आत्ताच घेऊन ठेव, पत्र संपल्यावर तुझी घ्यायची इच्छा राहील की नाही, सांगता येत नाही.) तुझी, तुझ्या बायकोची आणि तुझ्या दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीची प्रकृती उत्तम असेल असं धरून चालते. मागच्या आठवड्यात ती खुर्ची पेशंटसकट वरच्या वर अडकली होती, असं तुझी बायको म्हणाली. पेशंट एव्हाना खाली आला असेलच. माझं बरं आहे. आजारी पडायला सवड लागते, ती मला नाही. तुझ्या भावोजींचं चालणं पुष्कळ सुधारलं आहे, पण उजवा हात मात्र पाच महिन्यांपूर्वी अर्धांगाच्या झटक्याने जिथे नेऊन ठेवला तिथेच आहे. फिजिओथेरपीची बाई आठवड्यातून तीनदा येते आणि दाबायला स्पंजचा चेंडू देते. तो चेंडू आजवर सहा वेळा खिडकीतून खाली पडला. (खिडकीला जाळी आहे, हे लक्षात घे.) ज्या घड्याळजीने चाळीस वर्षं केसाएवढे स्क्रू फिरवले, त्याला "काका, दाबा बघू, शाब्बास" असं म्हटलेलं आवडत नाही, यात माझ्या मते त्याचा दोष नाही. पण डॉक्टर म्हणतात पहिले सहा महिने महत्त्वाचे, आणि आता एकच उरला. दुकान बंद आहे, किल्ली उशाखाली आहे, आणि ते दुकान पुन्हा उघडायचं की दुसऱ्याला देऊन टाकायचं, हे या हातावर ठरणार आहे. असो.

आता मुद्दा. फोन केला नाही, कारण फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस.

घरात वाळवीचं काम निघालं म्हणून तू तुझ्या खेळण्यांच्या संग्रहातला तो सीलबंद अंतराळ सेनापती तीन आठवड्यांसाठी आमच्याकडे ठेवून गेलास. जाताना चार अटी घातल्यास. ऊन लागू द्यायचं नाही, ओल लागू द्यायची नाही, वर काही ठेवायचं नाही, आणि आकाश कोसळलं तरी खोका उघडायचा नाही. पहिल्या तीन अटी मी काटेकोर पाळल्या. खोका आधी दिवाणखान्यातल्या कपाटावर ठेवला, तिथे दुपारी ऊन येतं. मग माळ्यावर, तिथे शेजारच्या टाकीची ओल. मग माझ्या कपड्यांच्या कपाटात, तिथे सवयीने मी त्यावर चादरी ठेवल्या, हे ध्यानात येताच अर्ध्या तासात काढल्या. शेवटी यांच्या खोलीत, पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवला. ती खोली कोरडी, पडदा कायम ओढलेला, आणि राखणीला माणूस चोवीस तास हजर. चौथ्या अटीबद्दल हे पत्र आहे.

खोका उघडला आहे. मी उघडला. (बसून वाच, हे आधी लिहायला हवं होतं.) चिकटपट्टी जरा वेडीवाकडी फाटली आहे. ती पुन्हा लावता येणार नाही, मी प्रयत्न केला नाही आणि करणारही नाही, कारण फसवून पास केलेला माल मी एकोणतीस वर्षांत एकदाही बाहेर जाऊ दिलेला नाही. छताचे पंखे तपासण्यात माझी हयात गेली. मी पास केलेला एकही पंखा कुणाच्या डोक्यावर पडल्याचं ऐकिवात नाही. याचं कारण एवढंच की आमच्याकडे न उघडलेला खोका म्हणजे न तपासलेला माल. तुमच्या संग्राहकांत उलटं आहे. तू इथे बसून या सेनापतीवरचे तज्ज्ञांचे बारा अभिप्राय मला वाचून दाखवलेस. "अप्रतिम", "दशकातला सर्वोत्तम", असं बरंच होतं त्यात. त्या बारांपैकी एकानेही खोका उघडलेला नव्हता. धाकट्या, तू पेशंटला तोंड मिटून ठेवायला सांगून "अप्रतिम दात" असा शेरा देतोस का? देत असशील तर मला कळव, माझी दाढ मी दुसरीकडे दाखवीन.

तेव्हा हा तेरावा अभिप्राय, आणि पहिला खरा. तू त्याला "बाहुला" म्हटलं की चिडतोस, म्हणून मी "नग" म्हणते.

नगाची उंची खोक्यावर तीस सेंटिमीटर लिहिली आहे. माझ्या मोजपट्टीवर साडेएकोणतीस भरली, शिरस्त्राण चढवल्यावर बरोबर तीस. टोपीसकट उंची मोजायची पद्धत आमच्या कारखान्यात नव्हती. रंगकाम चिलखतावर चोख आहे, ओरखडे आणि डागसुद्धा मुद्दाम रंगवले आहेत. (नवीन वस्तूवर आधीच ओरखडे मारून देणं हे मी प्रथमच पाहिलं. हे आम्हाला सुचलं असतं तर निम्मे नापास पंखे पास झाले असते.) पण डोळ्यांत घोटाळा आहे. उजवा शत्रूकडे बघतो, डावा दाराकडे. सेनापतीला ते सोयीचं असेल, मी मात्र नापास केलं आहे. पाठीवरचा झगा पायात येतो. अंतराळात वारा नसतो एवढं मला कॉलेजात शिकवलं होतं, तेव्हा हा झगा तिथे फडकणार कशाने, हे कारखान्यात कुणी विचारलेलं दिसत नाही. छातीवरचं बटण दाबलं की दिवा लागतो आणि तो कुठल्याशा परग्रहाच्या भाषेत हुकूम सोडतो. शब्द कळले नाहीत, सूर कळला. आमचे मॅनेजर असेच बोलत.

सुटे भाग एकवीस. त्यांत तीन जोड हात आहेत, एक मुठीचा, एक पिस्तूल धरायचा, एक उघडा. शिवाय रागावलेलं एक जादा डोकं आहे. राग वेगळा काढून डबीत ठेवायची ही सोय मला फार पसंत पडली. पिस्तूल तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं. ते दुसऱ्याच दिवशी हरवलं. सगळं घर झाडून काढलं, पलंग सरकवला, शेवटी ते यांच्या औषधांच्या डबीत "गुरुवार दुपार" या कप्प्यात सापडलं, रक्तदाबाच्या गोळीला चिकटून. घड्याळाच्या सवयीने बारीक वस्तू लगेच डबीत टाकली, असं हे म्हणाले. बुधवारी सापडलं म्हणून ठीक.

सांधे सव्वीस, आणि खरी कारागिरी तिथे आहे. मनगट, कोपर, खांदा, सगळं हव्या त्या कोनात वळतं आणि तिथेच थांबतं. (या घरात हे सध्या फक्त त्यालाच जमतं.) दोष एकच, डावा गुडघा सैल होता. उभा केला की चौथ्या मिनिटाला तोंडावर आपटायचा. आता तो घट्ट आहे. खाचेत नेलपॉलिशचा थेंब सोडून वाळवला की सांधा धरतो, हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडे नेलपॉलिश नसतं, म्हणून शेजारणीकडे मागायला गेले. तिने लाल, गुलाबी की जांभळं, असं विचारलं. मी म्हटलं, गुडघ्याला लावायचंय, कुठलंही चालेल. तेव्हापासून ती मला जिन्यात वाट देते. एकूण शेरा: डोळे व झगा वगळता पास.

तुझे भावोजी माझ्यावर नाराज आहेत. तुला माहीत आहेच, चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय त्यांनी एका घड्याळाचं झाकण उघडलं नाही. लोक नुसता पट्टा बदलायला घड्याळ ठेवून जात, आणि ते आतून कसं आहे हे बघायला यांची बोटं शिवशिवत, तरी नाही. "मेहुण्याने विश्वासाने ठेवली होती वस्तू," असं ते आठ दिवस मला ऐकवताहेत. मी ऐकून घेतलं. त्यावरून गुन्हा किती मोठा ते तुला कळेल.

तुमच्या संग्राहकांच्या रविवारच्या प्रदर्शनात फक्त सीलबंद नग घेतात, आणि या नगासाठी तू दोन वर्षं यादीत नाव लावून बसला होतास, हे मला ठाऊक आहे. तू पाचवीत असताना तुझी पतंगाची फिरकी मी जप्त केली होती, तेव्हाही तू रडला नव्हतास, नुसता जेवला नाहीस. या वेळी जेव. मी सहसा माफी मागत नाही अशी तुझी जुनी तक्रार आहे. ती या पत्राने निकालात निघाली असं समज. शनिवारी ये. रागावायचं असेल तर समोर बसून रागाव, मी कुठे जात नाही.

तुझ्या बायकोला आशीर्वाद.

तुझी,
ताई

ता. क. वरचं पत्र यांनी दोनदा वाचून पाहिलं आणि "ठीक आहे, पाकीट चिकटव" म्हणाले. मी चिकटवलं नाही. हे पुढचं मी टपाल कचेरीत उभी राहून, दोरीने बांधलेल्या पेनाने लिहिते आहे, म्हणून अक्षर असं.

ता. क. २. खोका मी उघडला नाही. इस्त्री दुरुस्तीला टाकून घरी आले तर हे टेबलाशी बसलेले, आणि उजव्या हाताचं नख चिकटपट्टीच्या कडेखाली. ज्या हाताने पाच महिन्यांत चमचा धरला नव्हता. पट्टी तसूतसूने सुटत होती, मध्येच निसटत होती, पुन्हा धरत होते. डाव्या हाताने मदत नाही. मी पिशवी हातात घेऊन दारात उभी राहिले. नियमबाह्य काम डोळ्यांसमोर चालू असताना मी गप्प राहिले, असं नोकरीत किंवा संसारात दुसरं उदाहरण नाही. शेवटी झाकण सुटलं, मग मी त्यांना दिसले. आधी म्हणाले, "कसली मूर्ख पट्टी लावतात." मग बराच वेळ हाताकडे बघत बसले. मग म्हणाले, "मेहुण्याला सांग, तू उघडलास. मी गिऱ्हाइकाची वस्तू उघडली म्हणून कुणाला कळता कामा नये." तेव्हा तुला कळलेलं नाही. शनिवारी येशील तेव्हा रागाव, पण माझ्यावर, आणि थोडं मोठ्याने, म्हणजे त्यांना खात्री पटेल.

ता. क. ३. गुडघा त्यांनीच बसवला. सगळे सांधे रोज सकाळी तेच वळवतात, चष्म्यावर भिंग लावून. झगा सोडून सगळ्याला हात लावतात. (शिवण हे माझं खातं, असं त्यांचं म्हणणं.) फिजिओच्या बाईने गुरुवारी ते पाहिलं, चेंडू गपचूप पिशवीत टाकला, आणि जाताना जिन्यात मला विचारलं, "याचे आणखी मिळतात का हो?"

ता. क. ४. सेनापती आता परत मिळणार नाही. याच मालिकेत त्याचा शत्रू आहे, त्याला चौतीस सांधे आहेत, असं तूच सांगितलं होतंस. तो शनिवारी येताना घेऊन ये. खोका बाहेरून पूर्ण बंद हवा, चिकटपट्टी जाड आणि चारही बाजूंनी. यांना तो सांभाळायला ठेवतोय असं सांग, आणि काही झालं तरी उघडायचा नाही, हे दोनदा बजाव. सील आधी फुटलेलं आढळलं तर नग दारातून परत जाईल.