मानेतली नळी आणि देवाचा कौल

३ फेब्रु., सोमवार
बाळूला घेऊन कुडाळला, डायलिसिस. मशीन तीनदा ओरडलं. टेक्निशियन मुलगी म्हणाली, नळीतून रक्त नीट येत नाही. मानेतली ही नळी दोन महिन्यांपुरती होती, हा पाचवा महिना. पुढे डायलिसिस हातातूनच व्हावं म्हणून हाताच्या शिरा जोडायचं ऑपरेशन ऑक्टोबरातच ठरलं होतं. पण ग्रामदेवतेने कौल दिला नाही, मूर्तीला लावलेली पाकळी डावीकडची पडली, म्हणजे नको. बाळू, माझा धाकटा भाऊ, बी.एस्सी., पाकळी बघून घरी परतला.

४ फेब्रु.
भांडले. किडनी तुझी, शीर तुझी, सही तुझी, देवाचं काय काम? तो शांतपणे पेज जेवत. "बाय, तुका नन्सनी शिकवल्यानी, माका आवशीन. आपल्या घरात कौलाशिवाय कोण ऑपरेशनाक गेलो नाय." आईला मध्ये आणलंच. त्याची बायको सुमन मध्ये पडली, "वन्सं, ह्यांचा बीपी वाढता." माझा कोण मोजतो?

७ फेब्रु., शुक्र.
सकाळी बाळूला शर्टाची उजवी बाही चढेना. दंड सुजलेला, मानेवरच्या शिरा फुगलेल्या. "काल हात वाकडो ठेवलंय, म्हणान." सुमन कोमट खोबरेल घेऊन चोळायला बसलेली. वाटी ओढून घेतली. नळी घातली त्या दिवशी मिळालेला कागद या घरात मी एकटीने वाचलाय. हात, चेहरा सुजला तर चोळू नका, लगेच या. रिक्षा.

सोनोग्राफी. नळीच्या शिरेत गुठळी. डॉक्टर तरुण, सौम्य. म्हणाले, किडनी निकामी झालेल्यांचं रक्त वाहतंही लवकर आणि गोठतंही लवकर, त्यात शिरेत महिनोन्महिने नळी. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर? विचारलं. त्यांनी सांगितलं. ते इथे लिहीत नाही.
ठेवून घेतलंय. रक्त पातळ करायचं औषध सुरू.

१० फेब्रु.
सूज थोडी कमी. सुमनला पुन्हा कौल लावायचा होता, एकटीला धीर होईना. गेले. शाळेच्या चॅपलमध्ये उभी राहायचे तशी ताठ उभी राहिले. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. मीही म्हटलं असावं. पाकळी लगेच पडली. उजवी.

११ फेब्रु.
देव हो म्हणाला, तर डॉक्टर थांबा म्हणतात. गुठळी कुठवर गेलीय ते आधी बघायचं. रक्त पातळ असताना कापायचं कसं, तेही. उजवा हात बाद. उरला डावा, त्यातल्या शिरा बारीक. तोवर तीच नळी.
ओरडायला कोणी सापडेना. ऑक्टोबरात मी काय केलं? हात धरून ओढत न्यायचं सोडून महिनाभर अबोला धरला. त्याचा कौल, माझा अबोला. शहाणं कोण ते…

१३ फेब्रु., गुरु.
डायलिसिस. आज नळीने रक्त नीट दिलं. बाळू डावा हात उताणा ठेवून शिरा न्याहाळत होता.
"बाय, ह्येतली एक तरी चलात मां?"
"माका काय ठावक? मी जल्मभर पोस्टात शिक्के मारलंय."
हसला. आठवड्यात पहिल्यांदा.
दुपारी बघते तर नवीन नर्स त्याच डाव्या हातात सुई टोचायला निघालेली. थांबवलं. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : डावा हात राखीव. सुई नको, बीपीचा पट्टा नको. पलंगाला बांधला. नर्स फणकारली, "मॅडम, हे हॉस्पिटल आहे." म्हटलं, म्हणूनच.
सोमवारी पुन्हा सोनोग्राफी.