आबांचा कॉम्प्युटर पुसताना

४ जाने., धुळे
सकाळच्या एसटीने आले. आबांचा कॉम्प्युटर साक्रीकडे, गावच्या विहारातल्या अभ्यासिकेला द्यायचं ठरलं. ठरवलं नानांनी, म्हणजे माझ्या काकांनी, आबांच्या थोरल्या भावाने. फोनवर म्हणाले, "बठ्ठं पुसी टाक पोरी. पोरे उघाडी उघाडी देखतस." सगळंच पुसायचं. कॅबिनेटवर आबांचं नाव ते स्वतः ऑइलपेंटने रंगवणार. गेलेल्या माणसाच्या नावाआधी लावतात ते 'कालकथित' वगैरे, विहारातल्या पंख्यांवर आणि पातेल्यांवर असतं तसं. आतून नाव काढायचं, बाहेरून घालायचं.
आई चहा ठेवून गेली. बोलली नाही.

५ जाने.
डिलीट म्हणजे पुसणं नव्हे. फाईलचा पत्ता जातो, फाईल जागेवरच असते. सगळ्या डिस्कवर दुसरा डेटा लिहावा लागतो. त्याआधी आत काय आहे ते बघणं भाग.
निवृत्तीनंतर आबा गल्लीचे अर्ज टाईप करून देत. त्यामुळे अर्ध्या गल्लीची आधार कार्डं, जातीचे दाखले, पासबुकं. शेखचाचांच्या मुलीचा लग्नाचा बायोडेटा तीनदा. दर वेळी उंची थोडी वाढलेली. हसू आलं. आईला सांगायला उठले. दारापासून परत फिरले.

६ जाने.
आज आई बोलली.
"इंजिनिअर झालीस ती खोटे कागद करायला?"
कॅन्सर आहे हे डॉक्टरांनी मला एकटीला सांगितलं होतं. नाना आणि मी ठरवलं, घरात बोलायचं नाही. पण आबा जन्मभर सरकारी कचेरीत. वाचल्याशिवाय कागद खाली ठेवणार नाहीत. म्हणून जळगावला, पिंप्राळ्याच्या माझ्या खोलीवर रिपोर्ट बदलला. अल्सर केलं. प्रिंट आणून दिली. आबा गेले तोवर आईसाठीही अल्सरच होता. खरं तिला नंतर कळलं.
मग भांडी घासता घासता, पाठ माझ्याकडे: "एक बरं झालं. त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. दोघं एकाच अंधारात होतो. तू एकटी बाहेर."
घासलेली भांडी पुसून मांडणीत लावली.

७ जाने.
'घर' नावाच्या फोल्डरमध्ये रिपोर्टचं स्कॅन. खरा नव्हे, माझा. दोन प्रती.
पहिलीत, दुसऱ्या, शेवटच्या पानाच्या तळाशी एक ओळ: पेशंटला कॅन्सर विभागाकडे पाठवावे. ती बदलायची माझ्याकडून राहिली होती. हे आज कळलं.
दुसऱ्या प्रतीत त्या ओळीवर पांढरा चौकोन. कडा नीट जुळवलेल्या. बाकी पान तसंच. फाईलची तारीख मी प्रिंट दिली त्याच्या दुसऱ्या दिवसाची.
आई बाजारात गेल्यावर कपाटातली दवाखान्याची फाईल काढली. तिच्यात चौकोनवाली प्रिंट. समोरच्या नर्सबाई यायच्या तेव्हा हीच फाईल वाचून आईला मराठीत सांगायच्या. त्यांच्यासाठी चौकोन. म्हणजे आईसाठी.
प्रिंट द्यायला आले होते त्या खेपेला मला सोडायला आबा स्टँडवर आले होते. गाडी लागल्यावर म्हणाले, "काम चांगलं करतेस. शेवटचं पान तेवढं दोनदा वाचत जा." मला वाटलं, ऑफिसचं म्हणतायत. "हो आबा" म्हणाले आणि खिडकीची जागा…

८ जाने.
मुद्दे सरळ आहेत. आबांना माहीत होतं. अंधारात आई एकटीच होती. हे पान दाखवलं तर माझ्यावरचा निम्मा राग आबांकडे जाईल. आणि तिचं ते 'दोघं' संपेल.
ती स्वयंपाकघरात होती. दोनदा हाक मारली. "काय?" "काही नाही. मीठ कमी आहे वरणात."
"तुझ्या आबांसारखी जीभ."
चौकोनवालं पान पेनड्राइव्हवर घेतलं. का, ते लिहीत नाही.
मग डिस्क पुसायला लावली. प्रोग्राम विचारतो, परत मिळणार नाही, नक्की? मी हे बटण ऑफिसात रोज दाबते. आज वेळ लागला.

९ जाने.
नाना जीप घेऊन आले. ओटीवर बसून नाव रंगवलं, एक अक्षर ओघळलं. "मना भाऊ हाफिसमा कोन्हाले टेबलले हात लावू देत नव्हता. आते पोरे त्याना डोकावर नाचतीन!" स्वतःच हसले, मग उपरण्याने डोळे पुसले. आईने जीपमध्ये कॅबिनेटखाली तिची जुनी गोधडी घातली. पेंट ओला आहे, डाग पडेल म्हटलं. "पडू दे."

१२ जाने., पिंप्राळा
आईचा फोन. आपणहून, आबा गेल्यापासून पहिलाच.
"पोहोचला म्हणे. पोरं रांग लावतायत." मग: "त्यांच्या हातचं काहीच नव्हतं का गं त्यात?"
नाही म्हणता आलं असतं.
"एक पान आहे. ठेवलंय."
"कशाचं?"
"इंग्रजी आहे."
"मग येशील तेव्हा वाचून दाखव. सावकाश. सगळं."
हो म्हणाले.
पेनड्राइव्ह टेबलाच्या खणात आहे. त्या पानावर त्यांच्या हातचं एवढंच, ओळ झाकणारा तो चौकोन.